वर्गात हुशार, मधल्या सुट्टीत गायब: एका स्थलांतरित मुलाचं प्रकरण

मुलगा तेरा वर्षांचा. आईवडील आणि सहा वर्षांची बहीण यांच्याबरोबर नव्या देशात आला तेव्हा शाळेचं वर्ष निम्मं सरलं होतं. शाळेने त्याला समुपदेशकाकडे पाठवलं ते सात महिन्यांनी. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'वर्गातल्या मुलाला जोरात ढकललं. एरवी शांत, अभ्यासात चांगला. इतरांत मिसळत नाही.'

हे प्रकरण कुणा एका मुलाचं नाही. घरच्यांबरोबर दुसऱ्या देशात आलेल्या, बालपण संपलेल्या पण मोठं न झालेल्या मुलांच्या बाबतीत जे पुन्हा पुन्हा दिसतं ते एकत्र करून ते बेतलं आहे. म्हणून यात नावं नाहीत, गावं नाहीत. मुलाच्या वागण्याइतकंच त्याच्याभोवतीच्या मोठ्या माणसांच्या वागण्याकडे यात पाहिलं आहे, कारण 'मिसळत नाही' असा शेरा मारणाऱ्या शाळेत त्याला मिसळायला जागा कुठे ठेवली होती, हे कुणी तपासलंच नव्हतं.

तिकडे तो कसा होता

पहिल्या भेटीत मुलाने प्रत्येक प्रश्नाला नीट, पूर्ण वाक्यात उत्तर दिलं. शाळा कशी आहे? चांगली आहे. मित्र आहेत का? आहेत. काही त्रास? नाही. अशा उत्तरांवर समाधान मानलं असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं आणि पुढच्या महिन्यात दुसरी ढकलाढकली झाली असती. दुसऱ्या भेटीला फोनवर दुभाष्या घेतला आणि इथलं काहीच न विचारता एवढंच विचारलं: आधीच्या शाळेत तू कसा होतास?

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, 'मी वर्गाला हसवायचो.'

तिथून पुढचा अर्धा तास तो थांबला नाही. शिक्षकांच्या नकला करायचा, त्यावरून बाकावर उभं राहायची शिक्षा व्हायची, बोलतो म्हणून तीनदा जागा बदलली होती. गुण बेताचे होते. म्हणजे नव्या शाळेच्या फाइलीत जो 'शांत आणि अभ्यासू' मुलगा नोंदवला होता तो जुन्या शाळेतल्या कुणी ओळखलाच नसता. अभ्यासू तो इथे येऊन झाला, कारण वहीपुस्तकाखेरीज करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. शांतही इथे येऊनच झाला. शाळेला ही दोन्ही लक्षणं सुधारणेची वाटली, यात शाळेचा फार दोष नाही. तीस मुलांच्या वर्गात जो त्रास देत नाही त्याच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं.

परक्या भाषेत विनोद करणं हे सगळ्यात उशिरा जमणारं काम आहे. व्याकरण येऊन भागत नाही. कशाला हसायचं, कुणाला हसायचं आणि कुठे थांबायचं हे त्या टोळीचं टोळीलाच माहीत असतं. शिवाय वेग लागतो. हा मुलगा वाक्य मनात जुळवायचा, तपासायचा, आणि बोलायला तोंड उघडेपर्यंत गप्पा तीन विषय पुढे गेलेल्या असायच्या. मग त्याने बोलणं सोडलं आणि सगळे हसले की हसायचं ठरवलं. पण ते हसणं क्षणभर मागे पडायचं. मुलांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. एक जण प्रत्येक विनोदानंतर मान वळवून त्याच्याकडे बघायला लागला, हसू कधी येतंय याची वाट बघत. मग बाकीचेही वळून बघू लागले. छळ म्हणायचा तर एवढाच. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही, शिक्षकाला नोंदवण्यासारखं काही घडलं नाही. ज्याला ढकललं तो हाच मान वळवणारा.

भाषा येत होती, म्हणून

शिक्षणशास्त्रात जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये केलेला एक भेद बहुतेक शिक्षकांना ऐकून ठाऊक असतो. रोजच्या बोलण्याची भाषा वेगळी आणि पाठ्यपुस्तकाची, युक्तिवादाची भाषा वेगळी. पहिली साधारण दोनेक वर्षांत येते, दुसरीत समवयस्कांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणून मूल मैदानावर फाडफाड बोलतं एवढ्यावरून ते भाषेत तयार झालं असं समजू नका, हा त्यातला इशारा.

इशारा खरा आहे, पण या मुलाच्या बाबतीत शिडी उलटी लावलेली होती. नव्या देशाची भाषा तो मायदेशी कित्येक वर्षं विषय म्हणून शिकला होता. वाचायला, लिहायला, निबंधाला अडचण नव्हती. अडत होतं ते मैदानावर. त्याला येत होती ती भाषा कुणीच बोलत नव्हतं, आणि सगळे बोलत होते ती त्याने कधी ऐकली नव्हती. वर्गात प्रश्न विचारला की तो धड्यातल्यासारखं वाक्य म्हणायचा आणि मागून खसखस पिकायची. गुण मात्र उत्तम होते. गुण उत्तम म्हणजे मुलगा रुळला, असा हिशेब शाळेने केला आणि सात महिने तो चुकीचा आहे हे कळायला दुसरं काही साधन नव्हतं. स्थलांतरित मुलांच्या आढाव्यात गुणपत्रिका हा एकमेव पुरावा धरणं धोक्याचं आहे, असं माझं मत आहे. एकटेपणा वहीत नीटनेटका दिसू शकतो.

सात महिन्यांत शाळेने काय काय केलं

शाळा हातावर हात ठेवून बसली नव्हती. उलट तिने बरंच केलं, म्हणून तर हे प्रकरण पूर्ण मांडावंसं वाटलं.

पहिल्या दिवशी त्याला एक सोबती नेमून दिला. सोबती भला मुलगा होता. दोन आठवडे त्याने इमारत दाखवली, शेजारी बसला, ओळखी करून दिल्या. तिसऱ्या आठवड्यात नेमणूक संपली आणि तो आपल्या मित्रांत परत गेला. त्याचं काहीच चुकलं नाही. पण नव्या मुलाच्या हिशेबात पहिला मित्र मिळाला आणि गेला, तेही वेळापत्रकानुसार.

मग संस्कृतीचा दिवस आला. त्याला पारंपरिक पोशाखात मंचावर उभं करून आपल्या देशाविषयी चार मिनिटं बोलायला लावलं. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. अशा कार्यक्रमांना माझा सरसकट विरोध नाही. पण वर्गाने ज्या मुलाशी अजून दोन वाक्यं बोललेली नाहीत, त्याची पहिली ठळक ओळख 'अमुक देशाचा' अशी करून दिली की पुढे बरेच दिवस तो तोच राहतो. या मुलालाही त्या दिवसानंतर प्रश्न यायला लागले ते त्याच्या देशाचे. त्याचे नाहीत.

सगळ्यात महाग पडली ती मदत सगळ्यात सदिच्छेची होती. भाषा पक्की व्हावी म्हणून आठवड्यातून तीन तासिका त्याला वर्गातून बाहेर काढून वेगळं शिकवलं जायचं. गणित आणि विज्ञान बुडू नये, म्हणून त्या तासिका चित्रकला आणि खेळाच्या तासांतून काढल्या होत्या. म्हणजे ज्या दोन विषयांत कमीत कमी बोलून इतरांच्या बरोबरीने काही करता येतं, आणि जिथे मुलांच्या जोड्या जमतात, नेमके तेच दोन त्याच्या वाट्याला येत नव्हते. आठवड्याच्या वेळापत्रकावर बोट ठेवून पाहीपर्यंत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, भाषेच्या शिक्षिकेच्याही नाही.

उरली मधली सुट्टी. ती चाळीस मिनिटांची. ग्रंथालय उघडं असेल तर तिथे, बंद असेल तर स्वच्छतागृहात. मधल्या वेळात तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायचा, पाण्याची बाटली रिकामी करून भरायचा, कुठेतरी पोहोचायची घाई असल्यासारखा लांब मार्गिकेतून झपाझप चालायचा आणि टोकाला जाऊन परत यायचा. एकटा दिसू नये म्हणून किती काम करावं लागतं, हे त्याने सांगितलं तेव्हा त्यात तक्रारीचा सूर नव्हता. एखादं कौशल्य समजावून सांगावं तसं तो सांगत होता.

इथे एका जुन्या समजुतीचाही वाटा होता. स्थलांतराच्या पुस्तकांत अनेकदा एक वळणदार रेषा दाखवतात: सुरुवातीला नवलाई, मग घसरण, मग सावरणं. तिचं मूळ स्वेरे लिसगॉर यांच्या 1955 च्या अभ्यासात आहे. अमेरिकेत शिकून आलेल्या नॉर्वेच्या सुमारे 200 जणांच्या अनुभवांवर तो बेतलेला होता. पुढे 1960 मध्ये कालेर्वो ओबर्ग यांनी सांस्कृतिक धक्क्याच्या पायऱ्या मांडल्या आणि चित्र पक्कं झालं. पण लिसगॉर यांची माणसं प्रौढ होती, आपल्या मर्जीने गेली होती आणि ठरल्या मुदतीत परतणार होती. या मुलाला कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या बाबतीत नवलाईचा काळ आलाच नाही. 'काही महिने जाऊ द्या, आपोआप सावरेल' असं शिक्षक म्हणत राहिले, त्यामागे तीच रेषा होती.

घरातही एक तुलना चालू होती. सहा वर्षांची बहीण तीन महिन्यांत मैत्रिणींच्या घरी जायला लागली. 'बघ, तिला जमलं,' असं आई सहज म्हणायची. पण सहा वर्षांच्या मुलींना खेळायला एक दोरी पुरते. तेराव्या वर्षी खेळ मागे पडतो आणि मैत्री बोलण्यावर चालते. शिवाय टोळ्या आधीच ठरलेल्या असतात, आणि वर्षाच्या मध्यात आलेल्याला त्या बंद सापडतात. दोघं एकाच घरातून निघून एकाच रस्त्याने शाळेत जात असले तरी त्यांच्यापुढचं काम सारखं नव्हतं.

बैठक

ढकलाढकलीनंतर वडिलांना बोलावलं. ते पाळी संपवून कामाच्या कपड्यांतच आले. दुभाष्या बोलावला नव्हता, कारण मुलाला भाषा उत्तम येते हे शाळेला माहीत होतं. तेव्हा मुलाविषयीची तक्रार मुलानेच वडिलांना भाषांतरित करून सांगितली.

शिक्षिका म्हणाल्या, त्याने विनाकारण हल्ला केला, असं चालणार नाही. त्याने वडिलांना सांगितलं, खेळताना धक्का लागला. वडील त्याच्याकडे वळून काहीतरी बोलले. त्याने शिक्षिकांना सांगितलं, वडील माफी मागतात. बैठक दहा मिनिटांत आटोपली आणि सगळ्यांना ती सुरळीत झाली असं वाटलं.

पुढे दुभाष्या घेऊन वडिलांशी बोलणं झालं तेव्हा त्या दिवशी ते खरोखर काय बोलले होते ते कळलं. त्यांनी मुलाला विचारलं होतं, 'तुला इथे कुणी त्रास देतं का?' हा प्रश्न त्या खोलीत फक्त एकाला समजला होता, आणि त्याने तो भाषांतरही केला नाही आणि त्याचं उत्तरही दिलं नाही.

का नाही दिलं, याचं कारण त्याने सांगितलं. बँकेची पत्रं तो वाचायचा, घरमालकाशी फोनवर तो बोलायचा, आईला डॉक्टरकडे तो घेऊन जायचा. घराला किती पैसे कमी पडतात आणि आईच्या तपासण्यांत काय निघालं, हे त्याला आईवडिलांच्या आधी कळायचं. ज्याला एवढं माहीत आहे तो आपल्या मधल्या सुट्टीचं रडगाणं घरी कसं सांगेल? घरात तो जवळजवळ तिसरा मोठा माणूस होता आणि शाळेत कुणीच नव्हता. या दोन टोकांमध्ये तो रोज ये-जा करत होता.

मुलांनी आईवडिलांसाठी दुभाष्याचं काम करणं यावर बराच अभ्यास झाला आहे आणि निष्कर्ष एका बाजूचे नाहीत. काहींना त्यातून अभिमान मिळतो, आईवडिलांशी जवळीक वाढते. काहींना त्याचं ओझं होतं, विशेषतः विषय आजाराचा, पैशाचा किंवा भांडणाचा असेल तर. म्हणून सरसकट बंदी घालण्यात अर्थ नव्हता, तशी घातली असती तर घर चाललंही नसतं. वडिलांबरोबर बसून वाटणी केली. बहिणीच्या शाळेच्या सूचना, प्रवासाची चौकशी, दुकानातलं बोलणं मुलाकडे. डॉक्टर, घरभाडं आणि त्याच्या स्वतःबद्दलची कुठलीही बैठक त्याच्याकडे नाही, त्यासाठी दुभाष्या मागायचा. दुभाष्या मागता येतो हेच वडिलांना ठाऊक नव्हतं. शाळेने ते कधी सांगितलं नव्हतं.

निदानाबद्दल थोडं

फाइलीत कुणीतरी 'निवडक मौन?' असं पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. ते लागू नव्हतं. त्या निदानात मूल काही ठरावीक ठिकाणी बोलूच शकत नाही, आणि त्याचं कारण भाषेची अपुरी ओळख असेल तर ते निदान करत नाहीत. हा मुलगा विचारलं की बोलत होता. झोप, भूक, जीव नकोसा वाटण्याचे विचार यांची चौकशी केली. झोप बिघडली होती, रविवारी रात्री पोट दुखायचं, बाकी चिंताजनक काही नव्हतं. लक्ष ठेवायचं ठरलं.

आणखी एका नोंदीवर मात्र थांबायला हवं. स्थलांतरितांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांची चौकट वापरून कुणीतरी 'अलग राहण्याचा कल' असं लिहिलं होतं. बेरी दोन प्रश्न विचारतात: माणूस आपलं जुनं जपू पाहतो का, आणि नव्या समाजात वावरू पाहतो का. दोन्हींना हो असेल तर सांधा जुळतो. फक्त नवं हवं असेल तर माणूस त्यात विरघळतो. फक्त जुनं हवं असेल तर अलग राहतो. दोन्ही सुटली तर कडेला पडतो. बेरी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 13 देशांतल्या पाच हजारांहून अधिक स्थलांतरित किशोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्हीकडे पाय असलेल्यांचं मानसिक आणि सामाजिक बस्तान इतरांपेक्षा बरं बसलेलं त्यांत दिसलं, आणि भेदभाव सोसावा लागलेल्यांचं वाईट.

हे सगळं उपयोगी आहे. पण ही चौकट पुष्कळदा आवडीनिवडीच्या यादीसारखी वाचली जाते, जणू मुलाने चारांतला एक पर्याय निवडला. बेरी स्वतःच म्हणतात की समाज दार उघडं ठेवत असेल तरच सांधा जुळवणं शक्य होतं. या मुलाच्या शाळेत त्याच्या भाषेचं दुसरं कुणी नव्हतं. तो आपल्या लोकांत अलग राहत होता असं म्हणायला तिथे आपले लोक तर हवेत! ती नोंद खोडायला सांगितली.

तासांचं गणित

कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांचा मैत्रीला लागणाऱ्या वेळेवरचा अभ्यास 2018 मध्ये आला. नुकतंच बिऱ्हाड हलवलेले प्रौढ आणि विद्यापीठात नव्याने दाखल झालेले विद्यार्थी यांना त्यांनी विचारलं होतं. ओळखीचं रूपांतर वरवरच्या मैत्रीत व्हायला साधारण 50 तास, मैत्री म्हणण्याजोगं काही व्हायला 90, आणि जवळच्या मैत्रीला 200 हून जास्त, असा अंदाज निघाला. आकडे किशोरांचे नाहीत, तेव्हा ते काटेकोर धरू नयेत. पण अंदाज बांधायला चालतात.

तो अंदाज या मुलाला लावून पाहिला. तो मधल्या सुट्टीत धीर करून रोज एखाद्या टोळीत उभा राहिला असता, तर चाळीसपैकी वीस मिनिटं हाती आली असती. पन्नास तास भरायला शाळेचे दीडशे दिवस. म्हणजे जवळपास एक शैक्षणिक वर्ष रोज जाऊन उभं राहायचं, तेही वरवरच्या मैत्रीसाठी, आणि रोज तीच मुलं भेटतील असं धरून. 'मिसळत जा' हा सल्ला देणाऱ्या माणसाने एकदा हा हिशेब करावा. त्याला धीराची नाही, तासांची टंचाई होती.

मग असं ठिकाण शोधायचं ठरलं जिथे तीच थोडी मुलं ठरलेल्या वेळी पुन्हा पुन्हा भेटतात, हाताला काम असतं, आणि एक जण आला नाही तर काम अडतं. त्याला विचारलं, तिकडे घरी काय करायचास? जुने स्पीकर खोलायचो, म्हणाला. शाळेत वार्षिक नाटकाची तयारी चालू होती. मंचामागची टोळी सहा जणांची होती आणि ध्वनियंत्रणेवर माणूस कमी होता. तालमी आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास. तेच पन्नास तास इथे साधारण तेरा आठवड्यांत भरतात.

मंचामागे आणखी एक सोय असते. तिथे अंधार असतो आणि हेडफोनमधून बोललं जातं ते तुटक: तयार, थांब, आता, बंद. लांब वाक्याची गरज नाही, चेहऱ्याकडे कुणी बघत नाही. पण हॉल यांच्याच अभ्यासात एक गोष्ट होती जी आधी ध्यानात घेतली नव्हती: केवळ एकत्र काम केल्याचे तास फारसे धरले जात नाहीत, एकत्र रिकामं बसल्याचे, गंमत केल्याचे तास धरले जातात. तालमीत मंचामागच्या मुलांचा बहुतेक वेळ वाट बघण्यातच जातो. एका संकेतापासून दुसऱ्यापर्यंत वीस वीस मिनिटं. खरं काम तिथे झालं.

विज्ञानाच्या शिक्षकांनी स्वतःहून एक बदल केला. एलियट ॲरन्सन यांनी 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांसाठी जी पद्धत काढली ती त्यांनी दोन धड्यांना लावून पाहिली. ऑस्टिनमध्ये तेव्हा गोऱ्या, काळ्या आणि हिस्पॅनिक मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि वातावरण तापलेलं होतं. पद्धत साधी: धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येकाला एक द्यायचा, आणि ज्याच्याकडे जो तुकडा आहे त्याच्याकडूनच तो शिकायचा. पहिल्या खेपेला फसलं. मुलगा कागदातून सावकाश वाचत राहिला आणि गटातली मुलं वैतागली. दुसऱ्या धड्याच्या वेळी वेगवेगळ्या गटांत सारखाच तुकडा मिळालेल्या सगळ्यांना आधी एकत्र बसवून तयारी करू दिली, जी मूळ पद्धतीतच आहे आणि घाईत गाळली गेली होती. तेव्हा बरं झालं.

भाषेच्या तासिकांवरून शाळेत थोडी कुरबुर झाली. शिक्षिकेला वाटलं आपलं काम कमी लेखलं जातंय. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, भाषेत अजून पुष्कळ बाकी होतं. शेवटी चित्रकला आणि खेळ मोकळे झाले, दोन तासिका स्वयंअध्ययनाच्या वेळेत गेल्या, आणि तिसऱ्या वेळी शिक्षिका इतिहासाच्या वर्गात येऊन त्याच्या बाकाजवळ बसू लागल्या. मान वळवणाऱ्या मुलाशी शिक्षकांनी एकट्यात बोलून त्याची जागा पुढे हलवली. ढकलल्याबद्दल आपल्या मुलानेही माफी मागितली, ती त्याला मागायला लावणं रास्तच होतं.

शाळेने भिंतीवर 'तुम्ही इथलेच आहात' अशा अर्थाचे फलक लावायची सूचना आणली होती. यामागे एक खरा अभ्यास आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 मध्ये दाखवलं की 'आपण इथले नाही असं सुरुवातीला बहुतेकांना वाटतं आणि ते पुढे ओसरतं' हे मोठ्या विद्यार्थ्यांच्या अनुभवांतून वाचायला दिलं, तर तासाभराच्या त्या वाचनाचा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांवर तीन वर्षं परिणाम टिकला. पण पुढे 22 महाविद्यालयं-विद्यापीठांत हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आणि 2023 मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा एक अट ठळक झाली: त्या विद्यार्थ्यांना जिथे खरोखर सामावून घेतलं जायची संधी होती तिथेच फायदा दिसला. फलक लावायला हरकत घेतली नाही. फक्त आधी वेळापत्रक बदला, असं सांगितलं.

पाच महिन्यांनी

तांत्रिक तालमीत एकदा मुख्य नट संवाद विसरला. मंचावर लांबलचक शांतता. हेडफोनमध्ये सगळे गप्प. तेवढ्यात ध्वनियंत्रणेवरून पाठ्यपुस्तकी, सपाट सुरात आवाज आला: 'ध्वनी विभागाकडून कळवण्यात येते की ही शांतता आमच्याकडून नाही.' सहाही जण फुटले. नंतर टोळीत त्या सुराची फर्माईश व्हायला लागली. वर्गात ज्या पुस्तकी वाक्यांना खसखस पिकायची तीच आता तो मुद्दाम, वेळ साधून वापरत होता. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि कुठल्या योजनेत ते बसवताही आलं नसतं.

आता बसायला दोन जणांचा घोळका आहे. त्यांतला एक मित्र म्हणावा असा. बाकी वर्ग सभ्य आणि लांब. आठवड्यातले एक-दोन दिवस तो अजून ग्रंथालयात जातो, पण आता पुस्तक घेतो. रविवारचं पोट दुखणं कमी झालं आहे, थांबलेलं नाही. गुण थोडे घसरले. वडिलांना ते लागलं, आणि 'नाटकामुळे' असं ते म्हणाले. मी त्यांना एवढंच म्हटलं की आधीचे गुण ज्या किमतीत येत होते ती तुम्हाला दिसत नव्हती. त्यांना ते पूर्ण पटलेलं नाही.

नवे प्रश्न आले आहेत आणि ते अपेक्षितच होते. टोळीतली मुलं संध्याकाळी बाहेर भेटतात, घरून परवानगी मिळत नाही. मुलं पालकांपेक्षा लवकर बदलतात आणि त्या फरकावरून खटके उडतात, हे स्थलांतरित घरांत सगळीकडे दिसतं. तूर्त आठवड्यातून एक संध्याकाळ, परतायची वेळ ठरवून, अशी तडजोड झाली आहे. बहीण घरात नव्या भाषेतच उत्तरं देते. आजीशी फोनवर बोलताना भाऊ मध्ये बसून दोघींचं एकमेकींना सांगतो. हे दुभाष्याचं काम मात्र आपल्याकडेच ठेवायचं, असं त्याने वाटणीच्या वेळी आवर्जून सांगितलं होतं.

या अहवालात आईबद्दल फार थोडं आहे, कारण पहिले कित्येक महिने तिच्याशी बोलणंच झालं नाही. बैठकांना वडील यायचे. तिला तास मिळतील अशी एकही जागा या शहरात नाही: वर्ग नाही, काम नाही, तालीम नाही. पालकांसाठी शाळेने संध्याकाळचा गट सुरू केला होता, तो तिच्या नवऱ्याच्या पाळीच्या वेळी होता आणि मुलीला घरी एकटं ठेवता येत नव्हतं. मागच्या भेटीत दुभाष्यामार्फत तिला थेट विचारलं, तेव्हा ती म्हणाली की भाषेचा वर्ग सकाळी मुलं शाळेत असताना झाला तर ती रोज येईल, आणि शिवणकाम येणाऱ्या आणखी दोघी बायका तिला बसथांब्यावर दिसतात, त्यांनाही विचारून बघेल. शाळेतली एक खोली सकाळी दोन तास रिकामी असते. ती देता येईल का, असं व्यवस्थापनाला लेखी विचारलं आहे. उत्तर यायचं आहे.